अट गळालेले वाक्य : नागपूरच्या एका निवृत्ताचे प्रकरण

मार्च २०२५ मध्ये, होळीच्या आधीच्या आठवड्यात, एक दांपत्य माझ्या धरमपेठेतील कार्यालयात आले. गृहस्थांचे वय ५८ वर्षे सहा महिने आणि वहिनींचे ५४. बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात देखभाल विभागात ते फिटर म्हणून लागले आणि ३३ वर्षांनी पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले. मानेवाड्याला स्वतःचे दुमजली घर आहे, त्यावर कर्ज नाही, आणि मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्यांच्या हातात प्लास्टिकची पारदर्शक फाइल होती. तिच्यात म्युच्युअल फंडाची विवरणपत्रे होती, युनिट विकण्याचा एक अर्ज होता, ज्यावर सही झाली होती पण तारीख टाकलेली नव्हती, आणि सगळ्यांत वर वर्तमानपत्राचे एक कात्रण होते. कात्रणातील एक ओळ लाल पेनने दोनदा अधोरेखित केलेली होती. ती ओळ माझी होती.

या प्रकरणाची नोंद मी दांपत्याच्या संमतीने, त्यांची ओळख पटेल असे तपशील वगळून लिहिते आहे. निवृत्तांच्या पैशाबद्दल माध्यमांत बोलणाऱ्या माझ्यासारख्या सल्लागारांचे शब्द प्रत्यक्ष एका घरात पोहोचतात तेव्हा त्यांचे काय होते, हे इतक्या जवळून मी त्याआधी पाहिले नव्हते.

हातात आलेली रक्कम

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस ते निवृत्त झाले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भविष्य निर्वाह निधीचे ४१ लाख, ग्रॅच्युइटीचे १२ लाख आणि शिल्लक रजेचे ३ लाख असे एकूण ५६ लाख रुपये बँक खात्यात जमा झाले. घराच्या वरच्या मजल्याची डागडुजी आणि किरकोळ देणी यांत ४ लाख गेले. उरले ५२ लाख.

कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, जिला कामगारवर्ग ‘ईपीएस पंच्याण्णव’ म्हणतो, तिच्यातून त्यांना दरमहा सुमारे ४,२०० रुपये मिळतात. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ६२,००० रुपये असलेल्या माणसाला एवढेच निवृत्तिवेतन का, असा प्रश्न त्यांनी पहिल्याच भेटीत विचारला. या योजनेत निवृत्तिवेतन खऱ्या पगारावर मोजले जात नाही, त्यासाठी वेतनाची कमाल मर्यादा ठरलेली आहे. १ सप्टेंबर २०१४ पासून ती १५,००० रुपये आहे आणि त्याआधी ती ६,५०० रुपये होती. मर्यादेतील वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे, शिवाय २०१४ च्या आधीच्या सेवेला जुनी मर्यादा लावायची, असा हा हिशेब असल्याने खासगी कारखान्यातून आयुष्यभर काम करून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हाती चार-पाच हजारांपलीकडे फारसे काही पडत नाही. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला शेजारी आणि हे गृहस्थ यांच्यातील मोठा फरक येथेच आहे. शेजाऱ्याच्या घरखर्चाची सोय निवृत्तिवेतनातून होते आणि त्याची बचत खरोखर बचत म्हणून राहू शकते, तर या गृहस्थांच्या बचतीनेच दर महिन्याचा किराणा भरायचा असतो. माध्यमांतील भाष्यात दोघांनाही ‘निवृत्त’ हा एकच शब्द लावला जातो.

कात्रण

ऑगस्ट २०२४ मध्ये एका वर्तमानपत्राच्या प्रतिनिधीने निवृत्तांच्या गुंतवणुकीवरील पुरवणीसाठी मला दूरध्वनी केला होता. आम्ही साधारण वीस मिनिटे बोललो. मी आधी सांगितले होते की निवृत्ताने पहिल्या पाच वर्षांचा घरखर्च सुरक्षित ठेवींत आणि सरकारी योजनांत बाजूला काढावा. त्यानंतर मी म्हणाले होते की उरलेल्या रकमेचा काही भाग इक्विटीत, म्हणजे शेअरमध्ये, ठेवायला निवृत्तांनी घाबरू नये, कारण दीर्घ मुदतीत इक्विटीनेच महागाईवर मात केलेली आहे. छापून आले ते पन्नास-साठ शब्द, आणि त्यांत अधोरेखित झालेले वाक्य असे होते : ‘दीर्घ मुदतीत इक्विटीने महागाईवर मात केली आहे, त्यामुळे निवृत्तांनीही घाबरू नये.’ पाच वर्षांच्या खर्चाचे वाक्य जागेअभावी गेले. छापून आल्यावर मी तो मजकूर वाचला होता आणि त्यात चूक असे काही नाही म्हणून पुढे गेले होते.

एकट्या या कात्रणामुळे सगळे घडले, असे मी म्हणणार नाही. दूरचित्रवाणीवरील एका चर्चेत त्यांनी १२ टक्के वार्षिक परताव्याचा आकडा ऐकला होता. मोबाइलवरील एका चित्रफितीत त्यांनी एसडब्ल्यूपीचा, म्हणजे फंडातून दरमहा ठरावीक रक्कम काढण्याच्या सोयीचा, तक्ता पाहिला होता, ज्यात दर वर्षी १२ टक्के मिळतात, ९ टक्के काढले जातात आणि मूळ रक्कम वाढतच जाते. मात्र वर्तमानपत्रात छापून आलेल्या, नागपूरच्याच आणि नोंदणीकृत असलेल्या सल्लागाराच्या वाक्याने त्यांच्या मनातील शेवटची शंका दूर केली, असे त्यांनी मला स्पष्टपणे सांगितले.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी भाच्याच्या मदतीने मोबाइलवरील अ‍ॅपमधून ४५ लाख रुपये गुंतवले, निम्मे एका मिडकॅप फंडात आणि निम्मे एका स्मॉलकॅप फंडात. फंडांची निवड मागील एका वर्षाच्या परताव्याच्या उतरत्या क्रमाने केली होती. ऑक्टोबरपासून दरमहा ३४,००० रुपयांची एसडब्ल्यूपी सुरू झाली. ७ लाख बचत खात्यात राहिले.

त्याच आठवड्यात, २७ सप्टेंबर २०२४ रोजी, निफ्टी या शेअर बाजाराच्या निर्देशांकाने २६,२७७ हा तोवरचा उच्चांक गाठला. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी तो २२,१२४ वर बंद झाला. लहान आणि मध्यम कंपन्यांचे शेअर त्याहून अधिक घसरले. गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा स्मॉलकॅप फंडात १६ लाख ४० हजार आणि मिडकॅप फंडात १७ लाख ७० हजार, मिळून ३४ लाख १० हजार उरले होते. पाच हप्त्यांत त्यांनी १ लाख ७० हजार काढले होते. म्हणजे पाच महिन्यांत ९ लाख २० हजार रुपयांची घट झाली होती, आणि ही रक्कम त्यांच्या कारखान्यातील शेवटच्या वर्षाच्या मूळ पगार व महागाई भत्त्याहूनही अधिक होती.

चूक नेमकी कोठे झाली

पहिली गोष्ट स्पष्ट करायला हवी. इक्विटी आणि महागाईबद्दलचे ते विधान खोटे नाही. वर्षाला ६ टक्के महागाई धरली तर आज ३४,००० रुपयांत चालणाऱ्या घराला बारा वर्षांनी ६८,००० रुपये लागतात, आणि तेव्हा हे गृहस्थ सत्तरीत असतील. सगळी रक्कम मुदत ठेवीत ठेवून व्याजावर जगणाऱ्या माणसाला पहिली काही वर्षे फार सुखाची जातात आणि नंतर व्याज तेवढेच राहून खर्च दुप्पट झालेला असतो. ‘निवृत्ताने शेअर बाजाराकडे पाहूच नये’ असे माध्यमांतून सांगणारे भाष्यकारही म्हणून तितकेच नुकसान करतात. त्यांचे नुकसान सावकाश होते आणि त्याचे कात्रण घेऊन कोणी येत नाही.

चूक झाली ती पैसे काढण्याच्या क्रमात. नोकरीत असलेला माणूस एसआयपीने दरमहा पैसे घालतो, त्यामुळे बाजार पडला तर त्याला युनिट स्वस्त मिळतात. निवृत्त माणूस दरमहा पैसे काढतो, त्यामुळे बाजार पडला तर तेवढ्याच ३४,००० रुपयांसाठी त्याची अधिक युनिट विकली जातात, आणि विकलेली युनिट बाजार सावरल्यावर परत येत नाहीत. एकच घसरण या दोघांच्या बाबतीत उलट दिशेने काम करते.

गृहस्थांना हे समजावण्यासाठी मी कागदावर एक उदाहरण मांडले. ४५ लाख रुपये आहेत आणि प्रत्येक वर्षाच्या अखेरीस ४ लाख काढायचे आहेत असे धरू. तीन वर्षांचे परतावे अनुक्रमे उणे २०, अधिक १५ आणि अधिक ३० टक्के आले, तर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ३८ लाख ६४ हजार उरतात. हेच तीन परतावे उलट क्रमाने, आधी ३०, मग १५ आणि शेवटी उणे २०, असे आले तर ४२ लाख ९४ हजार उरतात. काहीच काढले नसते तर दोन्ही क्रमांत रक्कम सारखीच, ५३ लाख ८२ हजार झाली असती. सरासरी परतावा दोन्हीकडे तोच असून केवळ क्रम बदलल्याने ४ लाख ३० हजारांचा, म्हणजे एका वर्षाच्या खर्चाहून अधिक, फरक पडला. १२ टक्क्यांच्या तक्त्यात हा क्रम नसतो. तेथे प्रत्येक वर्ष सारखेच उगवते.

गृहस्थांनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि मग जे म्हटले ते मी त्याच दिवशी लिहून ठेवले. ‘मॅडम, आमच्या प्रत्येक मशीनवर एक प्लेट असते. किती लोड, किती टेंपरेचर, किती तासांनी ऑइल. प्लेट वाचल्याशिवाय आम्ही मशीनला हात लावत नव्हतो. तुमच्या वाक्यावर प्लेट नव्हती.’

या व्यवसायात पैसे काढण्याच्या दराबद्दल ज्या आकड्याचा वारंवार उल्लेख होतो, तो ४ टक्क्यांचा आहे. अमेरिकेतील आर्थिक नियोजनकार विल्यम बेंगन यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात, तेथील शेअर आणि सरकारी रोख्यांच्या १९२६ पासूनच्या परताव्यांवरून, असा निष्कर्ष काढला की निम्मी ते पाऊण रक्कम शेअरमध्ये असेल, पहिल्या वर्षी सुमारे ४ टक्के काढले आणि पुढे तो आकडा महागाईप्रमाणे वाढवत नेला, तर रक्कम किमान तीस वर्षे पुरते. तो आकडा अमेरिकेच्या बाजाराचा आणि तेथील महागाईचा आहे, आणि नागपूरच्या घराला तो जसाच्या तसा लावता येत नाही हे मी आवर्जून सांगते. तरीही अंदाजासाठी तो उपयोगी पडतो. ४५ लाखांचे ४ टक्के म्हणजे महिन्याला १५,००० रुपये. हे गृहस्थ ३४,००० काढत होते, म्हणजे ९ टक्क्यांहून किंचित अधिक, आणि तेही लहान व मध्यम कंपन्यांच्या शेअरमधून. पहिल्याच वर्षी घसरण आली नसती, तरी हा दर टिकणारा नव्हता.

बंद झालेली खिडकी

या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट फंडांच्या घसरणीची नाही.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साधारणपणे वयाची ६० वर्षे पूर्ण झाल्यावर पैसे ठेवता येतात. परंतु ५५ पूर्ण झालेली आणि ६० च्या आतील जी व्यक्ती नोकरीतून निवृत्त झाली आहे, तिला निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून ठरावीक मुदतीत, त्या पैशांच्या मर्यादेत, हे खाते उघडता येते. ही मुदत आधी एक महिना होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती तीन महिने झाली. योजनेची कमाल मर्यादा एप्रिल २०२३ पासून १५ लाखांवरून ३० लाखांवर गेली आहे आणि व्याजाचा दर तेव्हापासून ८.२ टक्के आहे. व्याज दर तिमाहीला मिळते आणि सरकारची हमी असते.

गृहस्थांना पैसे सप्टेंबर २०२४ मध्ये मिळाले, म्हणून ही खिडकी त्यांच्यासाठी डिसेंबरपर्यंत उघडी होती. मार्चमध्ये ते माझ्याकडे आले तेव्हा ती बंद झाली होती, आणि आता ऑगस्ट २०२६ मध्ये ६० पूर्ण होईपर्यंत तेथे जाता येणार नाही. ‘मी तर सीनियर सिटिझन झालो ना जी,’ ते म्हणाले. कारखान्याने निरोप दिला आणि निवृत्तिवेतन सुरू झाले, म्हणून ५८ व्या वर्षी आपण ज्येष्ठ नागरिक झालो असे अनेकांना वाटते. बँकेच्या ठेवीवरील वाढीव व्याजासाठी आणि आयकरातील सवलतींसाठीही ६० हीच अट आहे.

या खिडकीचा हिशेब मी त्यांच्यासमोर केला आणि तो करताना मला फार जड गेले. ३० लाख या योजनेत ठेवले असते तर वर्षाला २ लाख ४६ हजार, म्हणजे महिन्याला सरासरी २०,५०० रुपये मिळाले असते. १५ लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत दोघांच्या संयुक्त खात्यात ठेवले असते, तर ७.४ टक्क्यांनी महिन्याला ९,२५० रुपये. दोन्ही मिळून २९,७५०. आणि त्यांच्या घराला बचतीतून लागणारी रक्कम, जी त्या दिवशीपर्यंत आमच्यापैकी कोणालाच नेमकी ठाऊक नव्हती, ती निघाली जवळपास ३०,०००.

ही रक्कम वहिनींनी काढून दिली. गृहस्थांनी खर्चाचा अंदाज ३८,००० धरला होता, आणि निवृत्तिवेतन वजा जाता ३४,००० ची एसडब्ल्यूपी लावली होती. वहिनींनी पिशवीतून शाळकरी वही काढली, जिच्यात मागील चार वर्षांची रोजची नोंद होती. दूध, भाजी, गॅस, वीज, औषधे, मोबाइल आणि पेट्रोल मिळून महिन्याला सरासरी २७,०००. मागच्या पानांवर वर्षातून एकदा येणारे खर्च होते : आरोग्य विम्याचा हप्ता ३१,०००, सालाचे गहू, तूरडाळ आणि तिखट-मसाला १८,०००, घरटॅक्स आणि पाणीपट्टी ९,०००, दुचाकीचा विमा व दुरुस्ती ६,००० आणि सणवार व पुण्याचे जाणे-येणे २०,०००. एकूण ८४,०००, म्हणजे महिन्याला ७,०००. खर्च झाला ३४,०००, आणि निवृत्तिवेतन वजा जाता उरतात २९,८००. ‘यांनी मला विचारलंच नाही, ताई,’ असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. मला ते वाक्य माझ्याबद्दलही खरे वाटले. वीस मिनिटांच्या त्या मुलाखतीत मीही ‘आधी घरखर्चाची वही उघडा’ असे कोठे म्हटले नव्हते.

मार्चमधील निर्णय

गृहस्थांना सगळी युनिट त्याच दिवशी विकायची होती. आम्ही तीन बैठका घेतल्या.

विकण्याविरुद्धची बाजू मी आधी मांडली. दोन्ही फंडांत एका वर्षाच्या आत विक्री केल्यास १ टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर विकल्याबद्दलची कपात, होता, म्हणजे सगळे विकल्यास ३४,१०० रुपये, त्यांच्या एका महिन्याच्या घरखर्चाएवढी रक्कम. दर महिन्याच्या हप्त्यातूनही हा एक टक्का कापला जात होता, हे त्यांनी विवरणपत्रात तोवर पाहिलेच नव्हते. शिवाय बाजार सावरण्याची शक्यता होतीच. दुसऱ्या बाजूला प्रश्न असा होता की एप्रिलचा किराणा कशातून येणार. बचत खात्यातील ६ लाख ६० हजार वगळता त्यांचा प्रत्येक रुपया लहान आणि मध्यम कंपन्यांच्या शेअरमध्ये होता, आणि आणखी वीस टक्के घसरण सोसण्याची ताकद त्या घरात नव्हती. बाजार येथून वर जाईल की खाली, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि ज्याच्या घरखर्चाची सोय झालेली नाही त्याने त्या उत्तरावर अवलंबून राहू नये, असे माझे मत होते आणि आजही आहे.

शेवटी दोन्ही फंड विकले. एक्झिट लोड जाऊन हाती आलेली आणि बचत खात्यातील रक्कम मिळून सुमारे ४० लाख ३६ हजार झाली. त्यांपैकी १५ लाख घराजवळच्या पोस्टात मासिक प्राप्ती योजनेच्या संयुक्त खात्यात गेले. ९ लाख मुदत ठेवीत ठेवले, ज्याची मुदत ऑगस्ट २०२६ मध्ये संपते, म्हणजे ६० पूर्ण होताच ते ज्येष्ठ नागरिक योजनेत जातील. १० लाख निफ्टीतील पन्नास कंपन्यांच्या निर्देशांक फंडात ठेवले, आणि त्याला दहा वर्षे हात लावायचा नाही असे ठरले. उरलेले ६ लाख ३६ हजार आजारपणासाठी आणि महिन्याची तूट भरून काढण्यासाठी बँकेत राहिले. या अल्पकालीन भांडवली तोट्याची नोंद आयकर विवरणपत्रात मुदतीच्या आत करायची, म्हणजे तो पुढील आठ वर्षांतील भांडवली नफ्यातून वजा करता येतो, हेही मी फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दिले.

एवढ्याने भागत नाही, हे सांगणे माझे काम होते. महागाई ६ टक्के आणि एकूण परतावा साडेसात टक्के धरला, तर निवृत्तिवेतनाखेरीज दुसरे उत्पन्न नसताना ही रक्कम सत्तरीच्या आसपास संपते. गृहस्थ हे ऐकून गप्प झाले. उत्तर पुन्हा वहिनींकडून आले. वरच्या मजल्यावरील दोन खोल्या मुलासाठी राखून ठेवल्या होत्या, त्या भाड्याने देऊ, असे त्यांनी सुचवले. मुलगा पुण्याहून फोनवर लगेच हो म्हणाला, वेळ लागला तो वडिलांना. जूनपासून ७,००० रुपये भाडे येते. हिंगण्याच्या दोन लहान कारखान्यांत यंत्रांच्या देखभालीचे काम गृहस्थांनी एप्रिलपासून धरले आहे. आठवड्यातून तीन दिवस जावे लागते आणि महिन्याला १२,००० मिळतात. पासष्टीपर्यंत हे काम आणि पुढेही भाडे धरले तर त्याच हिशेबाने रक्कम ऐंशीच्या जवळ पोहोचते.

३० जून २०२५ रोजी निफ्टी २५,५१७ वर बंद झाला. जुलैमध्ये गृहस्थांचा फोन आला : ‘मॅडम, विकलं नसतं तर बराच पैसा परत आला असता ना?’ आला असता. ‘हो’ असे मी उत्तर दिले आणि त्यापुढे स्पष्टीकरण जोडले नाही. मार्चमध्ये जी माहिती आमच्याजवळ होती तिच्यावर तो निर्णय घेतला होता, आणि तशीच परिस्थिती पुन्हा आली तर मी तोच सल्ला देईन. पण त्यांना झालेला तोटा खरा आहे, आणि तो कोणत्या आकडेमोडीने लहान होत नाही.

भाष्य आणि सल्ला

सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या २०१३ च्या गुंतवणूक सल्लागार नियमावलीत सल्ला म्हणजे काय याची व्याख्या आहे, आणि वर्तमानपत्रे, मासिके, दूरचित्रवाणी अशा सर्वांना उपलब्ध माध्यमांतून सांगितलेल्या गोष्टी तीत सल्ला मानल्या जात नाहीत. समोर बसलेल्या माणसाला मी सल्ला देते तेव्हा त्याची जोखीम पेलण्याची क्षमता तपासणे आणि सुचवलेली गुंतवणूक त्याला योग्य आहे याची खात्री करणे माझ्यावर बंधनकारक असते. वर्तमानपत्राशी बोलताना तसे बंधन नसते. कायद्याच्या दृष्टीने ही विभागणी आवश्यक आहे, कारण लाखो वाचकांची क्षमता कोण तपासणार? मात्र मानेवाड्याच्या त्या घरात ही विभागणी पोहोचली नव्हती. तेथे माझ्या नावापुढे ‘नोंदणीकृत सल्लागार’ असे छापलेले होते, आणि त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवून एका माणसाने ३३ वर्षांची कमाई हलवली.

प्रतिनिधीला दोष देऊन मला मोकळे होता येत नाही. साठ शब्दांची जागा आहे हे मला फोनवर सांगितले होते. मी अट आधी एका स्वतंत्र वाक्यात सांगितली आणि मुद्दा नंतर दुसऱ्या वाक्यात, आणि स्वतंत्र वाक्य कापणे सर्वांत सोपे असते. आता मी अट वाक्याच्या कर्त्यातच घालते : ‘पाच वर्षांचा घरखर्च सरकारी योजनांत ठेवल्यावर निवृत्ताकडे जी रक्कम उरते, तिच्यातील काही भाग इक्विटीत असावा.’ यातून अट काढली तर वाक्य उभेच राहत नाही. छापण्याआधी मजकूर वाचून दाखवावा, अशी विनंतीही मी करते. दोनदा ती मान्य झाली नाही, आणि त्या दोन्ही वेळा मी माझे नाव काढून घेतले. पंचावन्न ते साठ या वयात निवृत्त होणाऱ्यांसाठी तीन महिन्यांच्या खिडकीचा उल्लेख मी आता प्रत्येक वेळी, विषय कोणताही असला तरी, करते. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांतून ५८ व्या वर्षी बाहेर पडणारी माणसे हेच भाष्य वाचत असतात, आणि निरोप समारंभात कारखाना त्यांना शाल व श्रीफळ देतो, ही माहिती देत नाही.

फाइलमधील ते कात्रण गृहस्थांनी मला दिले आणि ते माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. तारीख न टाकलेला विक्रीचा अर्ज त्यांनी स्वतःकडे ठेवला. वहिनींच्या वहीत आता शेवटच्या पानावर तीन नोंदी आहेत : पोस्टातील खात्याची मुदत मार्च २०३०, बँकेच्या ठेवीची मुदत ऑगस्ट २०२६, आणि निर्देशांक फंडासमोर फक्त ‘२०३५’.